हेल्मेटखालची रेघ

माझा धंदा गंजाचा. विकत नाही, शोधतो. कतारमधल्या रास लफानच्या प्लांटमध्ये गॅसच्या पाइपांवर कुठं गंज चढलाय, का चढलाय आणि अजून किती दिवसांनी भोक पाडणार, हे मी सांगतो. वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे खोड अशी लागलीय की कुठंही पापुद्रा सुटलेला दिसला की पाय आपोआप थांबतात. मग ती मॉलच्या पार्किंगमधली रेलिंग असो, नाहीतर शेजाऱ्याच्या एसीचा स्टँड. आसावरी, म्हणजे माझी बायको, पुण्याची आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणते, "तू स्वर्गात गेलास ना, तर आधी दाराला नख लावून बघशील." बघीन की! दार लोखंडी असलं तर बघायलाच पाहिजे.

तर असा मी, आणि फेब्रुवारीत माझ्याच कपाळाला पापुद्रे सुटले.

प्लांटमधल्या वॉशरूममध्ये हेल्मेट काढलं आणि आरशात बघतो तर केस जिथं सुरू होतात तिथं लालभडक रेघ, या कानापासून त्या कानापर्यंत. रेघेवर पांढऱ्या खपल्या. हेल्मेटच्या आतला पट्टा जिथं टेकतो, बरोबर त्याच जागी. खरं सांगतो, मला आनंद झाला. माणसाला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटलं, वा, किती सरळ केस आहे! पट्टा घासतोय, कातडी सोलतेय. बदला पट्टा, खलास.

मी वही केली. रोज सकाळी मोबाइलवर फोटो, शेजारी मोजपट्टी, खाली तारीख. आमचा सेफ्टी ऑफिसर जियाद हा जॉर्डनचा, आडदांड माणूस. त्याच्याकडून एकामागोमाग तीन वेगवेगळे पट्टे आणले. फोमचा, सुती, घाम टिपणारा. रेघ हलली तर शपथ. उलट केसांतून खाली उतरून बोटभर कपाळावर आली.

मग आमच्या घरात पाण्यावर संशय गेला. कतारमध्ये आपल्या माणसाचा एकही केस गळला की गुन्हेगार एकच, पाणी. "समुद्राचं पाणी ते, मशीनमधून काढलेलं, त्यानं डोकं खराब होणार नाही तर काय!" उम्म सलाल मोहम्मदला राहणारी आसावरीची मैत्रीण नीलांबरी तर केस धुते तेही बाटलीच्या पाण्यानं. तिनं फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "पंधरा दिवस बाटलीचं पाणी वापरा, नाही गेलं तर माझं नाव बदला." मी म्हटलं, ठीक आहे, पण मी आंधळेपणानं काही करणार नाही. मधोमध भांग पाडला. डावी बाजू बाटलीच्या पाण्यानं धुवायची, उजवी नळाच्या. बाथरूममध्ये मान वाकडी करून पंधरा दिवस हा उद्योग केला. आसावरी दाराबाहेर उभी राहून विचारायची, "झाला का अर्धा अभिषेक?" पंधरा दिवसांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही बाजू सारख्याच लाल. पाणी निर्दोष सुटलं. नीलांबरीचं नाव मात्र तेच आहे.

त्यानंतर कापूर घातलेलं कडुलिंबाचं तेल झालं. वर लिंबू पिळायचं हा सल्ला कुणी दिला ते मी विसरलोय, आणि तो माणूस सुदैवी आहे. लिंबू लावल्यावर मी जो ओरडलो, ते ऐकून खालच्या मजल्यावरचे पाकिस्तानी काका वर आले होते.

इथपर्यंत सगळी गंमत होती. गंमत गेली ती बसमध्ये. अल खोरहून प्लांटला कंपनीची बस जाते. माझ्या शेजारी सागर बसतो, नाशिकचा पोरगा, नुकताच वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. मी टोपी सारखी करत होतो, तेव्हा त्यानं बघितलं आणि जरासा सरकून बसला.

"सर, राग मानू नका, पण गजकर्ण तर नाही ना? आमच्या रूमवर एकाला झालं होतं. महिन्याभरात चौघांना लागलं."

माझ्या डोक्यात लख्ख आर्याचा चेहरा आला.

आर्या म्हणजे आमची मुलगी, सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. दर शुक्रवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे तिचं सलून उघडतं. मी खाली गालिच्यावर बसायचं, ती माझ्यामागे सोफ्यावर. माझं डोकं तिच्या दोन गुडघ्यांत. मग पाण्याचा फवारा, मोठ्या दातांचा निळा कंगवा, फुलपाखरांच्या क्लिपा. मध्येच ती माझ्या डोक्यावर गाल टेकून टीव्ही बघते. आठवड्यात दोनशे पाइप बघितलेल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे! माझा सगळा आठवडा त्या अर्ध्या तासावर चालतो. आणि त्याच डोक्यावर ती गाल टेकते.

त्याच दिवशी घरी येऊन मी टॉवेल वेगळा केला. उशी वेगळी, कंगवा वेगळा. हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागलो. शुक्रवारी आर्या फवारा आणि कंगवा घेऊन आली आणि मागून माझ्या गळ्यात पडायला लागली, तसा मी दचकून उठलो आणि ओरडलो, "लांब हो!"

पोरगी जागच्या जागी थिजली. तिच्या हातातला कंगवा खाली पडला.

"बाबा, आर यू मॅड अॅट मी?"

"नाही ग बाळा, बाबाच्या डोक्याला बाऊ झालाय," मी म्हटलं, पण तोवर ती आत गेली होती. क्लिपांचा डबा तिनं शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवला. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

आसावरी पोह्यांचा चमचा हातात घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "अगदी अण्णांसारखा बोललास."

मी भडकलो. तिनं मला काहीही म्हणावं, पण हे नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, देवीदास. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात फिटर होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आईबरोबर गावाकडेच असतात. अण्णांनी कधी मारलं नाही, शिवी दिली नाही, शिक्षणाला काही कमी पडू दिलं नाही. पण जवळही घेतलं नाही. एकदाही नाही. त्यांची पांढरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असायची, घरात, जेवताना, झोपतानासुद्धा. त्यांचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, खुंटी वेगळी, आणि त्या खुंटीला हात लावायचा नाही. मी सहा वर्षांचा असताना गावच्या यात्रेत सगळी पोरं बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघत होती. मी अण्णांच्या पाठीवर चढायला गेलो तर त्यांनी मला खाली उतरवलं आणि म्हणाले, "लांब हो." मी माणसांच्या पायांमधून कुस्ती बघितली. कुणी कुणाला पाडलं ते मला आजतागायत माहीत नाही. ती अढी माझ्या मनातून गेली नाही, शेहेचाळिसाव्या वर्षीसुद्धा. म्हणूनच आर्या झाली तेव्हा मी ठरवलं होतं की ही पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढेल.

आणि आज त्याच तोंडानं तेच शब्द बाहेर पडले होते.

"डॉक्टरकडे जा," आसावरी म्हणाली. "पाइपाला भोक पडायची वाट बघतोयस का?"

अबू हमूरमधल्या एका दवाखान्यात पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. जियादला कळलं तेव्हा त्यानं खिशातून एक ट्यूब काढली. "डॉक्टर कशाला? हे लाव. माझ्या भावानं लावलं, चार दिवसांत साफ. यल्ला, चल, थँक्यू पण नको म्हणू." मी चार दिवस चोळून लावलं. लाली उतरलीही. गुरुवारी दुपारी लवकर आलो, गरम पाण्यानं डोकं खसखसून धुतलं, बारीक फणीनं उरलीसुरली प्रत्येक खपली काढली, खोबरेल तेल लावून चापूनचोपून भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट घातला. आमच्याकडे रीतच आहे तशी. डॉक्टरकडे जायचं तर आंघोळ करून, धुतलेला बनियन घालून. आई म्हणायची, घाणेरडं अंग घेऊन गेलं तर डॉक्टर काय म्हणेल!

अल खोरहून अबू हमूर म्हणजे तासाभराचा रस्ता. डॉक्टरांचं नाव जैतून, हैदराबादच्या, पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी माझं डोकं दिव्याखाली धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"ये आपने साफ किया?"

"जी," मी अभिमानानं म्हणालो. "अच्छे से."

"और कुछ लगाया?"

मी ट्यूब दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"काम क्या करते आप?"

"करोजन. पाइपांवरचा गंज बघतो."

"अच्छा. कोई ठेकेदार पाइप घिस के, पॉलिश करके, तेल लगा के आपके सामने लाया, बोला देखो जी गंज कैसा है. तो?"

"हाकलून देतो," मी पटकन म्हणालो. वीस वर्षांत अशा किती जणांना मी झाडलंय याला गणती नाही. आमच्या कामाचा पहिला नियमच तो आहे. आधी बघायचं, नमुना घ्यायचा, मग घासायचं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझे कान गरम झाले.

"तो?" डॉक्टर म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या म्हणून बरं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बुरशी असेल तर ती खपल्यांमध्ये सापडते, आणि खपल्या मी फणीनं काढून मोकळा झालो होतो. त्यात ही ट्यूब स्टेरॉइडची. ती लाली दाबते, बुरशी असली तर लपवते, आणि आतल्या आत वाढवतेही. त्यांना शंका एका गोष्टीची होती, पण पोरीच्या अंगाला लागणार की नाही हे मला पक्कं हवं होतं, आणि पक्कं सांगायचं तर नमुना हवा. "तीन हफ्ते. कुछ बी नक्को लगाओ. साबण बी हलका. जैसा उगता, वैसा उगने दो."

म्हणजे आणखी तीन शुक्रवार. माझ्याच हातानं मी ते घालवले होते. गाडीत बसल्यावर स्टीअरिंगवर दोनदा हात आपटला आणि स्वतःला दोन अस्सल नगरी शिव्या घातल्या.

ते तीन आठवडे वाईट गेले. खपल्या परत आल्या, काळ्या टी-शर्टवर पीठ सांडल्यासारख्या दिसायच्या. मी दिवाणावर झोपायचो. आर्या रोज शाळेतून आली की दोन पावलं लांब उभी राहून विचारायची, "इज इट गॉन?" आणि मी मान हलवायचो. तिसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलंच नाही. निळा कंगवा घेऊन बाहुलीचे केस विंचरत बसली. मी पेपर वाचतोय असं दाखवत होतो. भीती एकच होती, हिलाही याची सवय होईल. मला झाली तशी.

ठरल्या गुरुवारी मी न नाहता, तेल न लावता, रानटी माणसासारखा डॉक्टर जैतून यांच्यासमोर जाऊन बसलो.

"माशाल्ला!" त्या म्हणाल्या. "अब आई फसल."

यानंतरचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या फार मजेच्या अर्ध्या तासांपैकी एक होता. आजार माझा होता हे मी चक्क विसरलो. त्यांनी काचपट्टीच्या कडेनं रेघेवर हलकं खरवडलं. खपल्या मेणबत्तीच्या भुग्यासारख्या निघाल्या, पांढऱ्या, किंचित चकाकणाऱ्या. आणखी एक पातळ पदर निघाला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले. आरशात मला ते दाखवून त्या म्हणाल्या, "ये देखो." मी बघितले. मग एक छोटी दुर्बीण कपाळाला लावली आणि शेजारच्या स्क्रीनवर माझी कातडी आली. लाल जमिनीवर लाल टिंबं, सगळी एका मापाची, सारख्या अंतरावर, कुणी टाक्यांनी भरल्यासारखी. रेघेची कडही कशी, तर इथं आजार, इथं संपला, असं स्वच्छ. कोंडा असा नसतो, त्याची कड पुसट असते, हे त्यांनी सांगितलं.

खरवडलेला भुगा त्यांनी काचेवर घेतला, वर औषधाचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबल्या आणि मायक्रोस्कोपमध्ये बघायला लागल्या. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, मी बघू?"

"आपको क्या समझेगा?"

"नाही समजलं तर तुम्ही सांगा."

त्या उठल्या आणि मला स्टुलावर बसवलं. शेजारी मोबाइलवर बुरशीचा फोटो धरला. मुळांसारखे फाटे फुटलेले बारीक दोरे होते. मी काच सरकवत सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. एकदा, दोनदा. एकही दोरा नाही. नुसते कातडीचे तुकडे, फरशी उखडल्यासारखे. बाहेर पेशंट खोळंबले होते, नर्स दोनदा डोकावून गेली, पण मी उठलो नाही. बघणं हेच माझं काम आहे, आणि आर्याचा प्रश्न होता.

मग त्यांनी माझी कोपरं बघितली. उजव्या कोपरावर एक खरखरीत चट्टा होता, मी तो टेबलाला घासून झालेला समजत होतो. कानामागे बघितलं, तिथंही. शेवटी बोटं पुढं करायला सांगितली आणि अंगठ्याचं नख दिव्याखाली धरलं. नखावर बारीक खळगे होते, शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असतात तसे.

"नाखून में पिटिंग है," त्या म्हणाल्या.

"पिटिंग? हा तर आमचा शब्द!" मी जवळजवळ ओरडलो. पाइपाला खळगे पडले की आम्हीही तेच लिहितो.

"तो आपकी रिपोर्ट मैं लिख देती. सोरायसिस."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. कातडी प्रत्येकाचीच झडते आणि नवी येते, त्याला महिना लागतो. माझ्या शरीरानं काय ठरवलं कोण जाणे, तिथं चार-पाच दिवसांतच नवी कातडी करायचा सपाटा लावलाय. जुनी झडायच्या आत नवी वर येते, म्हणून थर. हेल्मेटनं आजार दिला नाही, पण ज्याच्या अंगात तो असतो त्याची कातडी सतत घासली की तिथं तो उगवतो. पाण्याचा दोष नाही, तेलाचा नाही. आणि लागत नाही. कुणालाच नाही.

"पक्का?"

"आपने खुद देखा ना काच पे? बेटी को गोद में लो, कंघी करवाओ, एक तकिये पे सोओ. आपके खून में है, हाथ में नहीं. आगे बेटी को होगा या नहीं, वो कोई नहीं बोल सकता. मगर छूने से, कभी नहीं."

मग औषधं आली. खपल्या सैल करायला आधी तेल, रात्रभर ठेवायचं, नखानं उचकटायचं नाही. आठवड्यातून दोनदा डांबराचा शाम्पू. हे ऐकून मी हसलो, कारण जमिनीखालच्या पाइपांना आम्ही डांबरच फासायचो. केसांत लावायचं एक पातळ औषध, ठरलेले आठवडेच. कपाळावर मात्र वेगळं, सौम्य, आणि जियादची ट्यूब कचऱ्यात. हेल्मेटमध्ये मऊ अस्तर, रोज धुतलेलं. "जाएगा, फिर आएगा, फिर जाएगा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, गंज कधी संपत नसतो, आटोक्यात ठेवायचा असतो.

कागद लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "खानदान में किसी को?"

"नाही."

"ऐसे नाखून किसी के?"

मी परत नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही. आणि मला अण्णांचा अंगठा दिसला. ओट्यावर बसून डाव्या तळहातावर तंबाखू मळणारा अंगठा, आणि त्याच्या नखावरचे खळगे. लहानपणी मी लांबून ते मोजायचो. मला वाटायचं, कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांची नखं तशीच होतात.

"डॉक्टर," मी म्हणालो, "माझे वडील टोपी काढत नाहीत. कधीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

अल खोरला परत येताना मला रस्ता कळलाच नाही. आमच्याकडे सगळ्यात वाईट गंज कुठं लागतो माहीत आहे? पाइपावर जे गुंडाळलेलं असतं, त्याच्या खाली. वरून सगळं चकाचक, म्हणून वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. मी जगभरचे पाइप उघडून बघितले, घरातली एक टोपी कधी उचलून बघितली नाही. वेगळी उशी, वेगळा टॉवेल, वेगळी खुंटी. न्हाव्याकडे अण्णा कधी गेले नाहीत, मागच्या खोलीत दार लावून आई त्यांचे केस कापायची. हे सगळं माझ्यासमोर होतं. गेला महिनाभर मी स्वतः तेच करत होतो, आणि तरी मला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर आसावरीला सगळं सांगितलं. ती जवळ येऊन माझ्या खांद्याला टेकून बसली. मग म्हणाली, "तेल लावून देते, आण."

"आज नको," मी म्हटलं. "उद्या सकाळी अण्णांना दाखवायचंय. पुरावा पुसायचा नाही. एकदा पुसून बसलोय."

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे आधी छताचा पंखा दिसला, मग आईचं अर्धं कपाळ, मग अण्णा. टोपी भुवयांपर्यंत.

"अण्णा, एक दाखवायचंय." मी फोन समोर टेकवून ठेवला, केस दोन्ही हातांनी मागं धरले आणि डोकं खाली घातलं.

पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं नेट गेलं. मान वर केली तर अण्णांचा चेहरा पडद्यावर तसाच होता. ओठ हलत होते.

"कव्हापासून?" ते म्हणाले.

"दोन-तीन महिने झाले."

"आसं कसं?" त्यांचा आवाज पार फाटला होता. "आसं कसं लागलं रे तुला? मी तर तुला कधी जवळबी घेतलं नाही."

मला वाटलं होतं ते लाजतील, विषय उडवून लावतील. या माणसाला वाटत होतं की एवढं जपूनही आपला आजार पोराला लागला.

मागून आई म्हणाली, "सांगा आता तरी. मला शपथ घातली होती, म्हणून मी गप बसले." मग अण्णांनी तुटक तुटक सांगितलं. लग्नाआधीच सुरू झालं होतं. एका वैद्यानं बघितलं आणि सांगितलं, गजकर्ण आहे, जुनाट, लेकराबाळांना लागंल, जपून राहा. परत कुणाला दाखवायची हिंमत झाली नाही. कारखान्यात कळलं असतं तर पाण्याच्या माठाला हात लावू दिला नसता.

"अण्णा, हे गजकर्ण नाही. हे लागत नाही. रक्तात असतं, पण शिवून कुणालाच लागत नाही."

"डॉक्टर म्हणली?"

"डॉक्टर म्हणाल्या. आणि काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं. मी स्वतः बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा."

"तू बघितलं?"

"मी."

"मग बराबर आसंल," अण्णा म्हणाले. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या रिपोर्टवर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता.

त्यांनी मान खाली घातली. अंगठा तर्जनीवर फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा, हातात तंबाखू नसताना.

"म्हंजी त्या यात्रेत," ते म्हणाले, "तुला खांद्यावर घेतलं आसतं, तरी चाललं आसतं."

त्यांच्याही लक्षात होतं. चाळीस वर्षं मला वाटत होतं ते फक्त माझ्याच लक्षात आहे. मी रडलो, आवाज करून रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

माझं रडणं ऐकून आर्या आतून धावत आली. दोन पावलांवर थांबली, आता सवयच झाली होती तिला. मी हात पुढं केले. "ये. काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." तिनं आधी आसावरीकडे बघितलं, मग आली आणि माझ्या मांडीत घुसली. माझं कपाळ अगदी जवळून बघितलं, बोट लावून बघितलं. शेवटी मुलगी माझीच.

"डझ इट हर्ट?"

"खाज येते फक्त. आजोबांनाही आहे, अगदी तिथंच."

"रिअली? आजोबा, शो मी!"

पलीकडे अण्णांचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच थांबला. आई म्हणाली, "अहो, नातच आहे." मग त्यांनी टोपी काढली. मी त्यांचं डोकं जन्मात पहिल्यांदा बघितलं. विरळ पांढरे केस, वेडेवाकडे कापलेले, आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत तीच लाल रेघ.

"बाबा, सेम टू सेम!" आर्या म्हणाली. ती उठली, ड्रॉवरमधून क्लिपांचा डबा आणि निळा कंगवा घेऊन आली, माझ्यामागे सोफ्यावर चढली आणि माझं डोकं गुडघ्यांत धरलं. फुस्स करून फवारा मारला.

अण्णा टोपी हातात धरून बघत होते. दोन क्लिपा लावून होईपर्यंत बघत होते.

"दुखत नाही का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही. हळू करते ती."

"कव्हा येणार तुम्ही?"

"जूनमध्ये. शाळेला सुट्टी लागली की."

अण्णांनी डोक्यावरून एकदा हात फिरवला. टोपी परत घातली नाही, शेजारी खाटेवर ठेवली.

"येताना तिला म्हणावं," ते म्हणाले, "तो कंगवा घेऊन ये."